उजवीकडे झुकलेली वेणी

यंदा चार गुंठे लावला. चुकून.
दोनच लावणार होतो,
पण संकेश्वरच्या बाजारातनं आणलेलं बी उरलं
आणि उरलेलं बी टाकवत नाही माणसाला.
आता फाल्गुनात सगळं अंगण पांढरं,
पाय ठेवायला जागा नाही.
कोंबड्या कडेकडेनं जातात
पाहुण्यांच्या घरात गेल्यासारख्या.

वजन केलं नाही.
कुणी विचारलं तर सांगतो, पुष्कळ.

शिवक्का कुंपणापलीकडनं येते, एक गड्डा उचलते,
पात मोडून बघते, मान नखानं दाबते.
“इन्नू हसी अद.”
अजून ओला आहे, म्हणते ती.
तीस वर्षांचा शेजार, कळतं मला कानडी,
तरी कानाला आधी मराठीच ऐकू येतं:
अजून हसतोय.
बरं, हसू दे.
पंधरा-सोळा दिवस सोप्यात सावलीला पसरला,
पात बसली, साल कागदासारखी वाजायला लागली.
तेव्हा ती परत आली, दाबून बघितलं,
काहीच बोलली नाही.
म्हणजे झालं.

लसणाला ती म्हणते बेळ्ळुळ्ळी.
एका शब्दात चार ळ.
ळ कधी सावकाश लिहून बघा:
एका सालीत शेजारी बसलेल्या दोन पाकळ्या.
आमच्या शब्दात एकही नाही.
पीक आमच्या अंगणात,
गड्डा भरला तिच्या शब्दात.

कुदळीचा घाव लागलेले वेगळे काढले, ते आधी खायचे.
पोचट, एकपाकळी, साल सुटलेले चटणीला;
हौसा खलबत्ता घेऊन बसली आहे, तिला हाक मारू नका.
सगळ्यात ठोसर चाळीस गड्डे बियाला.
त्यांना हात लावायचा नाही,
जावई आला तरी.

उरलेल्याच्या वेण्या घालायला मी बसलो तेव्हा
हौसा हसली.
पण बोटांना येत होतं.
ती पहाटे साडेपाचला निपाणीच्या वखारीत जायची,
दिवसभर तंबाखूचा खकाणा,
आणि शालनची वेणी माझ्याकडे.
पाच वर्षं, शाळेची घंटा व्हायच्या आत.
उजवा पेड मधे, डावा पेड मधे,
ओढू नका आप्पा, दुखतंय.
सैल घातली तर मधल्या सुट्टीत सुटायची,
आवळली तर भोकाड.
लसूण काही बोलत नाही,
तरी हात सैलच पडतो.
आवळला की देठ तुटतो, हेही खरं.

छत्तीस वेण्या झाल्या.
वाशांना टांगल्या, काही चुलीच्या धुराच्या वाटेवर,
भिंतीपासनं वीतभर लांब,
चारी बाजूंनी वारं फिरलं पाहिजे.

गोकाकवरनं शालनचा फोन.
“सासूबाईंनी पिशवीत बांधून फ्रिजमधे ठेवलेला,
सगळ्याला कोंब आलेत. काय करू?”
मी म्हणालो, वारं लागू दे त्याला.
बोलायचं आणखी होतं,
पण रेंज गेली. किंवा मीच ठेवला.

दुसऱ्या दिवशी निपाणी स्टँडवर
गोकाकच्या गाडीच्या कंडक्टरकडे एक वेणी दिली.
“हिचं तिकीट फुल्ल की हाफ?” तो म्हणाला,
आणि मागच्या खिडकीच्या गजाला अडकवली.
संध्याकाळी मोबाइलवर फोटो आला:
स्वयंपाकघर, खिळा, वेणी,
खाली शालननं लिहिलेलं,
उजवीकडे झुकलीय आप्पा. तशीच.

आषाढात रोज एकेकीला चाचपतो.
कौलाखाली दमट वास येतो तेव्हा झोप लागत नाही;
एक मऊ पडला की शेजारच्याला लागतो.
सापडला तर तेवढाच कापायचा,
वेणी सोडायची नाही.
रोजच्या फोडणीलाही खालनं एकेक.

श्रावण संपता संपता
सगळ्या खांद्यापर्यंत आल्यात.
दहावीचा निकाल लागला तेव्हा
शालन एवढेच केस ठेवून आली होती निपाणीहून.
मी दोन दिवस जेवलो, पण बोललो नव्हतो.